अंतरपाट, उजेड आणि दहा हजारांची लेन्स

मराठी लग्न दोन दिवस चालते, पण फोटो काढणाऱ्याची परीक्षा घेणारे क्षण मोजून तीन-चार. त्यातला पहिला अंतरपाट दूर होण्याचा. शेवटचे 'सावधान' होते, वाजंत्री एकदम सुरू होते, अक्षता डोक्यांवरून उडतात, कोणीतरी पडदा ओढून घेतो आणि नवरी मान वर करते. दोन सेकंदांत सगळे आटोपते. त्या दोन सेकंदांसाठी पंचांग पाहिलेले असते, हॉल वर्षभर आधी ठरवलेला असतो, आणि नेमका त्याच दोन सेकंदांत उजेड पुरत नाही.

गेल्या माघात बडोद्याला एका लग्नाला गेलो होतो. माझी मावसबहीण तिकडे दिलेली. तिच्या सासरचे घराणे गायकवाडांबरोबर गुजरातेत गेलेल्यांपैकी. १७३४ च्या सुमारास बडोदे गायकवाडांकडे आले, तेव्हापासून हे लोक तिथेच. घरात मराठी बोलतात, दुकानात गुजराती, आणि रागावले की दोन्ही. लग्न तिच्या पुतणीचे. दांडिया बाजाराच्या बाजूला एका जुन्या वाडीत. 'वाडी' म्हटले की आम्हा गोवेकरांना माडांची बाग आठवते किंवा गावातला एखादा वाडा. तिकडे वाडी म्हणजे लग्नकार्याचा हॉल, बहुधा एखाद्या ज्ञातीचा किंवा मंडळाचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा 'वाडीत या' म्हटल्यावर झाडे शोधत हिंडलो होतो. असो.

मावसबहिणीचा मुलगा म्हणजे माझा भाचा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात वाणिज्य शिकला, आणि आता लग्नांचे फोटो काढून पोट भरायचे म्हणतो. त्याच्याकडे कोणाचा तरी वापरलेला निकॉनचा डी पाच हजार मालिकेतला कॅमेरा आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ ची लेन्स. मी स्टेशनवरून घरी पोचून चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच त्याने विचारले, "मामा, दहा हजारांत लग्नाला चालेल अशी लेन्स कोणती?"

त्याला वाटले होते मी एक नाव सांगेन. मी त्याला वाडी दाखवायला सांगितले.

माझे मत असे आहे की लेन्स दुकानात ठरत नाही, ती हॉलमध्ये ठरते. आणि आपल्याकडच्या हॉलचा विचार करून कोणी लेन्सवर लिहीत नाही. परदेशातले लोक चर्चमधल्या लग्नांबद्दल लिहितात. तिथे उंच छत, रंगीत काचांतून येणारा उजेड, नवरा-नवरी शांत उभे. आमची तरुण मुले तेच वाचून लेन्स घेतात आणि मग होमाच्या धुरात, चाळीस नातेवाइकांच्या कोपरांमध्ये उभी राहून विचारतात की फोटो हलला कसा.

तर वाडी. लांबट हॉल, एका टोकाला स्टेज, छत पांढऱ्या रंगाचे पण त्याखाली डेकोरेशनवाल्याने मरून कापडाच्या झालरी सोडलेल्या. खिडक्या एकाच बाजूला आणि त्याही बोळात उघडणाऱ्या. दिवे निम्मे जुने पिवळे, निम्मे नवे एलईडी. स्टेजसमोर खुर्च्यांची पहिली रांग तीन मीटरवर. म्हणजे फोटो काढणाऱ्याला मागे सरकायला जागा तेवढीच, त्यामागे आजोबा बसलेले असतात आणि ते उठत नाहीत.

आता थोडे गणित. कंटाळा येत असेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, मी रागावणार नाही. लेन्सच्या नावापुढे जो एफचा आकडा असतो तो तिच्या बाहुलीचा आकडा. जितका लहान, तितकी बाहुली मोठी, तितका उजेड जास्त. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी लेन्स ५५ वर ताणली की एफ ५.६ वर येते. एफ १.८ ची लेन्स तिच्या सुमारे साडेनऊ पट उजेड आत घेते. त्या वाडीत संध्याकाळी आयएसओ १६०० ठेवून जुन्या लेन्सने शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर येत होते. एवढ्या वेळात हार घालणारा हात ढगासारखा दिसतो. एफ १.८ वर तेच शटर दीडशेव्या भागाच्या आसपास जाते आणि हात हातासारखा दिसतो. मधल्या एफ २.८ वर साठाव्या भागाच्या जवळ. सगळा व्यवहार एवढाच आहे.

भाच्याने एक सौदा जवळजवळ पक्का केला होता. वापरलेली निकॉन ५० मिमी एफ १.८ डी. लेन्स उत्तम आहे, मी स्वतः फिल्मच्या काळात तिच्या भावंडांवर हात बसवलेला. किंमतही त्याच्या खिशाला परवडणारी. पण तिच्यात फोकसची मोटर नाही. ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि निकॉनच्या डी तीन हजार व डी पाच हजार मालिकांतल्या कॅमेऱ्यांत ती मोटरच दिलेली नाही. म्हणजे लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवायचा. मंगलाष्टके चालू असताना, छोट्याशा भिंगातून, हाताने. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते, आणि भाच्याने विचारले नव्हते. दोघांपैकी कोणाला दोष द्यावा हे मला ठरवता आले नाही. कॅननवाल्यांना ही काळजी नाही, त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते.

दुसरी अडचण पन्नास या आकड्याचीच. पन्नास मिमीची लेन्स स्वस्त का, याचे कारण जुने आहे. १८९६ साली झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ याने प्लॅनार नावाची जी मांडणी केली, मधोमध बाहुली आणि दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगे, तिचेच वंशज आजच्या बहुतेक पन्नास मिमीच्या लेन्स. शंभराहून अधिक वर्षे घोटलेली गोष्ट. बनवायला सोपी, म्हणून स्वस्त. कॅननने १९९० मध्ये काढलेली ५० एफ १.८ ची दुसरी आवृत्ती तर प्लास्टिकची होती, वजन अवघे १३० ग्रॅम, आणि जगभरातल्या गरीब फोटोग्राफरांची पहिली लेन्स तीच. २०१५ मध्ये तिच्या जागी धातूच्या माऊंटची एसटीएम आवृत्ती आली. सगळे सल्लागार डोळे मिटून 'पन्नास घे' म्हणतात ते यामुळे.

पण ही पन्नास बनली ३५ मिमीच्या फिल्मसाठी. भाच्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर त्याहून लहान, त्यामुळे तिथे ती पंचाहत्तरसारखी वागते. तीन मीटरवरून तिच्यात जेमतेम एक मीटर चाळीस सेंटिमीटर रुंदी मावते. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, दोघांमागे दोन मामा, आणि पडदा धरणारे गुरुजी. एवढी माणसे एक मीटर चाळीसमध्ये बसवायची तर मामांना कापावे लागते. मी स्वतः मामा असल्यामुळे या बाबतीत माझे मत थोडे तीव्र आहे. ३५ मिमीच्या लेन्समध्ये त्याच तीन मीटरवरून दोन मीटर मावतात. पुरतात.

म्हणून मी त्याला सांगितले, निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी बघ. २००९ मध्ये आलेली लेन्स. मोटर आत आहे, वजन दोनशे ग्रॅम, या लहान सेन्सरसाठीच बनवलेली. सध्या कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे मोर्चा वळवल्यामुळे जुन्या पद्धतीच्या लेन्स लोक भराभर काढून टाकतात. ज्याला दहा हजारांत लग्न काढायचे आहे त्याच्यासाठी ही दिवाळी आहे. कॅननचा लहान सेन्सरवाला कॅमेरा असेल तर पन्नास एसटीएमबरोबर २४ मिमी एफ २.८ ची ती बिस्किटासारखी चपटी लेन्स घ्यावी. हॉल अरुंद असेल तर आधी चपटी. आणि ज्याला लेन्स बदलत बसायचे नाही त्याने टॅमरॉनची १७-५० एफ २.८ वापरलेली शोधावी. २००६ ची, फोकस करताना जात्यासारखी घरघरते, पण दाराशी वरमाय ओवाळते तिथपासून पंगतीपर्यंत सगळे एकटी काढते. बडोद्यातले अर्धे काम गुजराती लग्नांचे, ती रात्री उशिरा पार्टी प्लॉटवर उघड्यावर होतात, तिथे बाऊन्स करायला छतही नसते. तिथे एफ २.८ कमी पडेल, हे मान्य. पण दोन लेन्स अडकवून धावणाऱ्या पोराला वरघोड्यात कोणीतरी ढकलतेच.

वापरलेली लेन्स घेताना काय बघायचे हे आम्हा गोवेकरांना कोणी शिकवावे लागत नाही. आमच्याकडे चार महिने पाऊस; कपाटातले जोडेसुद्धा पांढरे होतात, तिथे भिंगाची काय कथा. लेन्सची बाहुली पूर्ण उघडी करून मागून टॉर्च मारायचा आणि पुढून तिरके बघायचे. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले की नमस्कार करून परत द्यायची. ती बुरशी, काचेवरचा लेप खाते. भाचा हसला, म्हणाला, "मामा, हे बडोदे आहे, इथे काय बुरशी?" मी म्हटले, विश्वामित्रीला विचार. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत शहरातल्या किती घरांत पाणी शिरले ते त्याने स्वतः पाहिलेले. त्या पाण्यातून वर आलेले कॅमेरे आणि लेन्स पुसून-वाळवून कुठेतरी विकले गेलेच असतील. तो गप्प झाला आणि टॉर्च शोधायला गेला.

इथवर लेन्सचे झाले. पण मला जे म्हणायचे आहे ते याच्या पुढचे आहे.

मोठ्या बाहुलीच्या लेन्सचा खरा उपयोग मला विचाराल तर फोटो चांगला येण्यात नाही. तिचा उपयोग लग्न शांतपणे होऊ देण्यात आहे. ज्यांनी १९८० नंतरची लग्ने पाहिली आहेत त्यांना व्हिडिओवाल्यांचा तो हजार वॅटचा हॅलोजन आठवेल. एक मुलगा तो दिवा हात उंचावून धरायचा, मागे वायर ओढणारा दुसरा. तो उजेड पडला की गुरुजींचे डोळे मिटायचे, नवरीच्या कपाळावरून मळवटासकट घाम ओघळायचा आणि लहान मुले रडायला लागायची. आमच्या फोंड्याकडे देवळांच्या सभागृहांत लग्ने होत, तिथे समयांच्या आणि बल्बच्या उजेडात जे काही दिसायचे ते या दिव्याने एका झटक्यात पुसून टाकले. त्यातूनच ती सवय लागली. "काका, थांबा. नवरदेव, हार परत घाला. इकडे बघा." माझ्या डोळ्यांदेखत एका लग्नात मंगळसूत्र तीनदा बांधले गेले. पहिल्यांदा मुहूर्तावर, पुढची दोनदा कॅमेऱ्यासाठी. वधूचे वडील बाजूला उभे राहून पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते कोणीच टिपले नाही, कारण दिवा दुसरीकडे होता.

उजेडाची भूक लागली म्हणून विधी थांबवायचे, हा अधिकार फोटोग्राफरला कोणी दिला? आपणच दिला. यंत्राला उजेड कमी पडतो म्हणून माणसांनी थांबायचे, हे तेव्हा नाइलाजाने होते असे धरू. आता तो नाइलाज उरलेला नाही. दहा हजारांची लेन्स आहे, आयएसओ ३२०० सहज चालणारे कॅमेरे आहेत. तरीही विधी थांबवले जातात.

आपल्या लग्नातले काही विधी तर मुळात दिव्याच्या उजेडाचेच आहेत. ऐरणीदान घ्या. बांबूची झाल, त्यात कणकेचे दिवे पेटवलेले, आणि ती वरपक्षाच्या माणसांच्या डोक्यांवर क्रमाने धरायची. मुलगी दिली, सांभाळा, असे सांगणारा विधी. दिव्यांचा उजेड वरून खाली चेहऱ्यावर येतो, कानशिलाशी थरथरतो. त्या वेळी समोरून फ्लॅश मारला की दिवे विझल्यासारखे दिसतात आणि फोटोत उरते ते डोक्यावर टोपली घेतलेले गोंधळलेले माणूस. सूनमुखाचे तसेच. सासू आरशात सुनेचे मुख पाहते. फ्लॅश मारला तर आरशात सून दिसत नाही, फ्लॅश दिसतो. होमाचा धूरही समोरचा फ्लॅश लागला की पांढऱ्या चादरीसारखा पुढे येऊन उभा राहतो. या तिन्ही ठिकाणी एफ १.८ ची लेन्स आणि विझवलेला फ्लॅश, यापलीकडे उपाय मला माहीत नाही.

१९७५ च्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटासाठी स्टॅन्ली कुब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग चित्रित केले. त्यासाठी नासाकरता बनवलेली झाइसची ५० मिमी एफ ०.७ लेन्स त्याने मिळवली. भाच्याला ही गोष्ट सांगताच त्याचे डोळे चमकले. मी त्याला पुढचे सांगितले: त्या लेन्सला फोकसची खोली इतकी थोडी होती की नटांना जागचे फारसे हलता येत नसे. नटांना तसे सांगता येते. वरमाईला सांगून बघ.

आणि इथेच माझे दुसरे, कदाचित उलटे वाटणारे मत. मोठ्या बाहुलीची लेन्स मिळाली की तरुण पोरे ती सदासर्वकाळ उघडीच ठेवतात. मागचे सगळे धूसर करायचे, लोण्यासारखे, आणि मध्ये एकटी नवरी कमळासारखी. पहिले दहा फोटो बघायला बरे वाटतात. दोनशे फोटो तसेच असले की ते लग्न बडोद्यात झाले, सिन्नरला झाले की सिंगापूरला, काही कळत नाही. दोन मीटरवरून पन्नास मिमी एफ १.८ वर, भाच्याच्या कॅमेऱ्यात, फोकसमध्ये राहते जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटरची पट्टी. नवरीची नथ स्पष्ट आली तर मागे उभ्या असलेल्या करवलीचा ठिपका होतो.

माझ्या आईच्या लग्नाचा अल्बम आमच्याकडे आहे. काळ्या पानांचा, मध्ये जाळीदार पातळ कागद असलेला. फोटो बारा. त्यातल्या एकात, सप्तपदीच्या मागे, खांबाला टेकून माझी पणजी उभी आहे. ती मुद्दाम काढलेली नाही. तिचा दुसरा एकही फोटो आमच्या घराण्यात नाही. फोटोग्राफरने फ्लॅशचा बल्ब उडवला असणार, बाहुली लहान ठेवली असणार, म्हणून ती मागे असूनही तिच्या कानातल्या कुड्यांपर्यंत सगळे दिसते. आजच्या पोराने एफ १.८ वर तो फोटो काढला असता तर माझ्या पणजीचा खांब झाला असता.

म्हणजे मी एकीकडे फ्लॅशला शिव्या देतो आणि दुसरीकडे त्याच फ्लॅशचे उपकार मानतो. आहे खरे तसे. लग्नाचा फोटो दोन कामांसाठी असतो. एक, तो क्षण. दुसरे, कोण कोण आले होते. क्षणाला उघडी लेन्स हवी, आणि कोण आले होते यासाठी ती एफ ४ पर्यंत मिटायला हवी, मग उजेड भरून काढायला फ्लॅश छताकडे वळवावा, समोर नाही. त्यातही छत पांढरे असले पाहिजे. त्या वाडीतल्या मरून झालरींवर आपटून आलेल्या फ्लॅशने अर्ध्या पंगतीचे चेहरे गाजराच्या रंगाचे झाले होते, ते मी पाहिले आहेत. अशा ठिकाणी झालर नसलेला कोपरा शोधावा, नाहीतर डेकोरेशनवाल्याशी आधीच गोड बोलून घ्यावे.

बडोद्यात राहून हे शिकायला परदेशी गुरू कशाला हवा, असेही मी भाच्याला म्हटले. त्याच्याच विद्यापीठात १९५० मध्ये सुरू झालेली ललित कला विद्याशाखा आहे, आणि तिथले ज्योती भट्ट. जन्म १९३४, मुळात चित्रकार आणि मुद्राचित्रकार, २०१९ चे पद्मश्री. त्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या, गोंदण यांचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांच्या फोटोंत बाई दिसते आणि तिने रंगवलेली भिंतही दिसते. भिंत धूसर करून बाई दाखवली असती तर बाईबद्दल निम्मेच सांगितले गेले असते. भाच्याने त्यांचे नाव ऐकले होते, फोटो पाहिले नव्हते. विद्यापीठाच्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला त्याला तीन वर्षांत वेळ झाला नाही. आपल्याकडे हे सर्रास चालते. फोंड्यात राहून मंगेशी न पाहिलेले लोक मला ठाऊक आहेत.

लग्नाच्या आदल्या दिवशी लेन्स आली. ३५ एफ १.८. टॉर्च मारून पाहिली, स्वच्छ होती. रात्री वाडीत जाऊन आम्ही दोघांनी तालीम केली. नवरा मीच, नवरी म्हणून एक पाणी प्यायचा पिंप. दोन गोष्टी तिथेच समजल्या त्या बऱ्या झाल्या. एक म्हणजे एलईडीचा उजेड. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, आणि हलक्या प्रतीचे एलईडी त्याबरोबर शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाहून वेगवान केले की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. म्हणून शटर शंभरावर बांधून टाकले. हार घालणारा हात शंभरावर किंचित हलतो. हलू दे, हात आहे तो.

दुसरी गोष्ट अंतरपाटाची. पांढऱ्या सपाट कापडावर कॅमेऱ्याला फोकस धरता येत नाही. त्याला धरायला काहीतरी काठ लागतो. लेन्स नुसती पुढे-मागे गुरगुरत राहते आणि तोवर पडदा गेलेला असतो. यावर उपाय पूर्वजांनीच करून ठेवला आहे. अंतरपाटावर कुंकवाचे स्वस्तिक असते. स्टेजच्या बाजूला असे उभे राहायचे की पडदा तिरका दिसेल, आणि दोन्ही चेहरे साधारण त्या स्वस्तिकाच्याच अंतरावर येतील. स्वस्तिकाच्या काठावर फोकस धरायचा, बटण अर्धे दाबून ठेवायचे, बाहुली एफ २.८ ला मिटून थोडी खोली घ्यायची, आणि वाट पाहायची. तालमीला आम्ही मावसबहिणीच्या जुन्या धोतरावर लिपस्टिकने स्वस्तिक काढले. त्याबद्दल आम्हा दोघांनाही ऐकून घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर त्याने तो फोटो काढला. मुख्य फोटोग्राफर वेगळा होता, ठेकेदाराने पाठवलेला, दोन मोठे दिवे घेऊन आलेला. भाचा त्याच्या दिव्यांच्या बाजूला, गुडघ्यावर. पडदा गेला, नवरीने मान वर केली, आणि तिला हसू आवरले नाही, कारण नवऱ्याच्या भुवईत अक्षता अडकली होती. फोटोत ती अक्षता दिसते. मागे उभा असलेला नवऱ्याचा मामाही दिसतो, थोडा धूसर, पण ओळखू येईल इतका. मी मामाबद्दल आग्रह धरला होता, तो त्याने पाळला.

कानपिळीचा फोटो मात्र चुकला, आणि तो माझ्यामुळे. नवरीला सख्खा भाऊ नाही, म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान चुलतभावाकडे, म्हणजे आमच्या फोटोग्राफरकडेच आला. त्याने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि गेला. मी एवढे सगळे सांगणारा माणूस, मला बाहुली मिटायची आठवण राहिली नाही. एफ १.८ वर नवरदेवाचा कान सुरेख आला आहे. पिळणारा धूसर आहे.

झालीचे तीन फोटो चांगले निघाले. एकात नवऱ्या मुलाची आजी आहे, डोक्यावर दिवे, आणि तिने डोळे वर करून झाल पडत तर नाही ना ते पाहिले आहे. अल्बमसाठी निवड करायला घरची मंडळी बसली तेव्हा मी तो फोटो पुढे केला. मावसबहीण म्हणाली, "अंधारा आहे रे जरा." शेवटी पानावर फ्लॅशवाला फोटो गेला. अंधारा फोटो आजीने मागून घेतला, आणि भाच्याला दोनशे एक रुपये दिले.